क्राऊन कुठला बसवायचा? पेणचे शेठ आणि रोह्याचे मिस्त्री

पेणहून निघालेला ट्रक वडखळ, नागोठणे, कोलाड करत महाडकडे गेला, तर बहुतेक वाट सपाटीची. मध्ये सुकेळीची खिंड लागते, पण ती काही मिनिटांत मागे पडते. तोच ट्रक पुण्याकडे वळला, तर खोपोलीहून बोरघाट नाहीतर कोलाडहून ताम्हिणी चढावा लागतो. एका दिशेला खाडीकाठ आणि दुसऱ्या दिशेला सह्याद्री, अशा जागी पेण आणि रोहा हे दोन्ही तालुके वसले आहेत. मालही तसाच दोन टोकांचा. डोलवीच्या कारखान्यातली पोलादाची कॉइल आकाराने लहान आणि वजनाने प्रचंड. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या मूर्ती भरल्या की गाडीत जागा उरत नाही, वजन मात्र भरत नाही. धाटावच्या एमआयडीसीतून रसायनांचे टँकर भरून जातात आणि बहुतेक वेळा रिकामे परततात.

एवढ्या वेगवेगळ्या कामांना जुंपलेल्या गाडीचं डिझेल आणि ओढ ज्या गोष्टींवर ठरते, त्यातली एक मागच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमध्ये तेलात बुडालेली असते. छोटं पिनियन फिरतं आणि ते मोठ्या क्राऊनला फिरवतं. पिनियनला 7 दात आणि क्राऊनला 41 असतील, तर प्रॉपेलर शाफ्टचे 5.86 फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. 6 आणि 41 दातांची जोडी असेल तर हा आकडा, म्हणजेच रेशो, 6.83 होतो, 9 आणि 37 ची असेल तर 4.11. आकडा मोठा असेल तर चाकाला ओढ जास्त मिळते, लहान असेल तर वेग जास्त.

कुठला आकडा चांगला, यावर या रस्त्यांवर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक मत गाडीच्या मालकाचं, तो महिन्याचं डिझेलचं बिल बघतो. दुसरं मत मिस्त्रीचं, तो जळालेल्या क्लच प्लेटा बघतो. खालचा संवाद कुणा दोन ठरावीक माणसांचा नाही. दोन्ही मतांना आपलं म्हणणं पूर्ण मांडता यावं, म्हणून ती पेणच्या शेठच्या आणि रोह्याच्या मिस्त्रींच्या तोंडी दिली आहेत. हा विषय मनावर घेण्याचं कारण साधं आहे: चुकीच्या आकड्याची किंमत मालक पैशात मोजतो, आणि ड्रायव्हर घाटात.

शेठ: मिस्त्री, नवीन दहा टायरची गाडी घ्यायची आहे आणि माझं एक ठरलं आहे. अ‍ॅक्सलचा रेशो मिळेल तितका लहान घ्यायचा. डोलवीहून माल उचलायचा, तळोजा, कळंबोली, न्हावा शेवा करायचं. सगळा सपाट रस्ता. तिथे मोठा क्राऊन म्हणजे निव्वळ डिझेल जाळणं.

मिस्त्री: सपाट म्हणताना कर्नाळ्याची खिंड विसरलात. आणि वर्षभर तेवढंच भाडं मिळणार आहे का? हंगाम पडला की तुम्हीच चाकणचं, रांजणगावचं भाडं घेता. मग पोलादाची कॉइल घेऊन तीच गाडी बोरघाटात उभी राहते. त्या वेळी तुम्ही पेणला असता आणि ड्रायव्हर क्लच दाबून असतो.

शेठ: आधी माझा हिशेब ऐका. ट्रकचं चाक एका फेऱ्यात साधारण 3.2 मीटर जातं. टॉप गिअर एकास एक धरा आणि गाडी 60 च्या वेगाने चालवा. 6.83 चा क्राऊन असेल तर इंजिनाचे मिनिटाला 2,134 फेरे होतात. 5.86 असेल तर 1,831. 4.11 असेल तर 1,284. वेग तोच, रस्ता तोच, माल तोच. इंजिन मात्र एका गाडीत धापा टाकतंय आणि दुसऱ्या गाडीत शांत चाललंय.

मिस्त्री: फेरे कमी म्हणजे तेवढंच डिझेल कमी, असं तुम्ही धरून चालताय. ते तसं नसतं. माल तोच असेल तर रस्त्याला लागणारी ताकदही तेवढीच लागते.

शेठ: मान्य, सगळं डिझेल वाचत नाही. पण काही वाचतंच. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला पिस्टन घासतात, पंप फिरतात, हवा आत ओढावी लागते आणि बाहेर ढकलावी लागते. मालाला त्याचा काही उपयोग नाही, पण त्याचं डिझेल टाकीतूनच जातं. 28.5 टनांच्या गाडीला सपाटीवर 60 च्या वेगाला इंजिनाकडून 70 ते 80 हॉर्सपॉवर पुरते. इंजिन असतं त्याच्या दुपटी-तिपटीचं. तेवढीशी ताकद काढायला त्याला 2,100 फेऱ्यांवर पळवणं म्हणजे अंगाची ताकद अंगातच घालवणं. आताची बीएस-सहाची इंजिनं 1,100-1,200 फेऱ्यांपासूनच भरपूर टॉर्क देतात. तो जुना काळ नाही, जेव्हा टर्बो नसलेलं इंजिन अडीच-पावणेतीन हजारांपर्यंत ताणल्याशिवाय पूर्ण ताकद देत नव्हतं. त्या इंजिनांना मोठा क्राऊन लागायचा. इंजिन बदललं, आपली सवय मात्र तीच राहिली.

मिस्त्री: हे तुमचं बरोबर आहे. जुन्या गाडीचा आकडा नव्या गाडीला लावू नये. पण आता ओढीचं बोलू. तुम्ही आमच्या रोह्याच्या स्टेशनावर येता, कोकण रेल्वे इथूनच सुरू होते. मालगाडीला डब्ल्यूएजी-9 इंजिन लागतं, एक्स्प्रेसला डब्ल्यूएपी-7. दोघांचं घराणं एकच. डब्ल्यूएपी-7 हे डब्ल्यूएजी-9 वरूनच बनवलं, आणि मोठा बदल केला तो गिअरच्या दातांचा. मालगाडीच्या इंजिनात 77 ला 15, म्हणजे 5.13. एक्स्प्रेसच्या इंजिनात 72 ला 20, म्हणजे 3.6. पहिल्याची सुरुवातीची ओढ 460 किलोन्यूटन, दुसऱ्याची सुमारे 323. ओढ पाहिजे तर आकडा मोठाच लागतो. रेल्वेलासुद्धा हे चुकलं नाही.

शेठ: अगदी योग्य उदाहरण दिलंत, आणि त्यातच माझं उत्तर आहे. 460 ला 323 ने भागा, आणि 5.13 ला 3.6 ने भागा. दोन्हीकडे सुमारे 1.43 येतं. म्हणजे ओढ जेवढ्या पटीने वाढली, तेवढ्याच पटीने वेग कमी झाला. दोन्ही इंजिनांची हॉर्सपॉवर सहा हजारांच्या थोडी वर, जवळपास सारखीच. दातांनी ताकद निर्माण केली नाही, फक्त वाटणी बदलली. तुम्ही मंडळी म्हणता, मोठा क्राऊन टाकला की गाडीत ताकद येते. ताकद इंजिनातून येते. क्राऊन फक्त ती ओढीला किती द्यायची आणि वेगाला किती, एवढं ठरवतो.

मिस्त्री: बरं, मग घाटाचा हिशेब करा.

शेठ: करू. 28.5 टनांची गाडी, 100 मीटरला 6 मीटर चढणारा रस्ता. गाडी वर न्यायला चाकाशी जवळपास 1,900 किलोची ओढ लागते. इंजिन 1,400 फेऱ्यांवर 800 न्यूटन-मीटर टॉर्क देतंय असं धरा, म्हणजे 160 च्या आसपास हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स आणि हाऊसिंगमध्ये दहावा हिस्सा गेला तर उरलेल्या ताकदीवर गाडी तासाला 20 किलोमीटरने चढेल. आता क्राऊन 5.86 चा असो की 4.11 चा, वेग 20 च राहतो. फरक एवढाच की पहिल्या गाडीत ड्रायव्हर 2.3 च्या आसपासच्या गिअरमध्ये असेल आणि दुसरीत 3.3 च्या. एक गिअर खाली उतरला की झालं.

मिस्त्री: कागदावर झालं. रस्त्यावर ड्रायव्हरला नेमका 3.3 चा गिअर मिळतो का? गिअरबॉक्समध्ये जे टप्पे आहेत त्यातलाच एक घ्यावा लागतो. मधला टप्पा नसला तर वरच्या गिअरमध्ये इंजिन दबतं आणि खालच्या गिअरमध्ये गाडी दहा-बाराच्या वेगाने रांगते. सगळ्यात वाईट म्हणजे चढावर थांबून पुन्हा उचलणं. बोरघाटात पुढे कंटेनर बंद पडला की मागची रांग उभीच राहते. सहा गिअरच्या गाडीत पहिला गिअर 7 च्या आसपास धरा. 5.86 च्या क्राऊनबरोबर इंजिनाची ओढ 41 पट होते. 4.11 बरोबर जेमतेम 29 पट. 29 वर भरलेली गाडी उचलायची तर ड्रायव्हर क्लच अर्धा सोडून फेरे वाढवतो, आणि प्लेट तापते. एकदा, दोनदा, दहादा. मग वास येतो, मग गाडी ढकलत बाजूला घ्यावी लागते. वर्षाचं वाचवलेलं डिझेल त्या एका दिवसात गेलं.

शेठ: तो मुद्दा मी खोडत नाही. पण त्याचं उत्तर क्राऊनमध्ये नाही, गिअरबॉक्समध्ये आहे. नऊ गिअरच्या बॉक्सचा सगळ्यात खालचा गिअर 12 च्या आसपास असतो. 12 गुणिले 4.11 म्हणजे 49. तुमच्या 41 पेक्षा जास्त. घाटात उचलायला खालचा गिअर, हायवेला लहान क्राऊन. दोन्ही कामं होतात.

मिस्त्री: म्हणजे मग आकडा एकट्या क्राऊनचा बघायचाच नाही. गिअरबॉक्सचा पहिला, शेवटचा, मधले टप्पे, टायरचा आकार आणि क्राऊन, सगळं एकत्र बघायचं. हे तुम्ही आता म्हणालात, सुरुवातीला म्हणाला होतात की लहान आकडा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं.

शेठ: म्हणालो होतो. पण अमेरिकेत बघा, लांब पल्ल्याच्या गाड्यांना 2.64 इतका लहान रेशो देतात. त्यांना परवडतो, मग आपल्याला का नाही?

मिस्त्री: त्यांचं इंजिन बघा ना, शेठ. तिथे 36 टनांच्या गाडीला 13 ते 15 लिटरचं इंजिन, दोन हजारांच्या वर न्यूटन-मीटर टॉर्क. आपल्याकडे 55 टनांपर्यंतच्या ट्रेलरलाही सहा-सात लिटरचं इंजिन जुंपलेलं असतं, टॉर्क त्याच्या निम्मा. वर आपल्याकडे वजनही वाढलं. 2018 साली केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तीन अ‍ॅक्सलच्या गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. आणि क्राऊन लहान केला की हाऊसिंगच्या पुढच्या सगळ्या भागांवर ताण वाढतो. चाकाला तेवढीच ओढ द्यायची तर 4.11 च्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टला 5.86 च्या गाडीपेक्षा जवळजवळ दीडपट पीळ सोसावा लागतो. शाफ्टचे क्रॉस का तुटतात, हे मालक मला विचारतात. ड्रायव्हर इंजिन हजाराच्या खाली आणून टॉपमध्येच ओढत राहतो, म्हणून तुटतात. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की फेरे कमी तर डिझेल कमी.

शेठ: कमी फेरे चांगले, पण एका मर्यादेपर्यंत. फेऱ्यांच्या मीटरवरच्या हिरव्या पट्ट्याच्या खाली गेलं की इंजिन थरथरतं आणि डिझेलही वाचत नाही. हे ड्रायव्हरला मालकानेच समजावलं पाहिजे.

मिस्त्री: उताराचंही समजावा. अजून कितीतरी ड्रायव्हर घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात. एक तर ब्रेक तापून निकामी होतात. ते सोडा, ज्या डिझेलसाठी हे करतात तेही वाचत नाही. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल चालू राहतं. म्हणजे ज्या पद्धतीत जीव धोक्यात, तीच पद्धत डिझेलही जास्त खाते. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा, हा जुना नियम आजही खरा आहे. मोठ्या क्राऊनची गाडी उतारावर इंजिनाने चांगली धरून ठेवते. लहान क्राऊनच्या गाडीत त्याच धरणीसाठी आणखी खालचा गिअर घ्यावा लागतो, आणि घाई असलेला ड्रायव्हर तो घेत नाही. माझं मोठ्या आकड्याकडे झुकणं त्यासाठी आहे.

शेठ: इथे मी तुमच्या बाजूने. पण मग सपाटीवर रोज जास्त जळणाऱ्या डिझेलचं काय? धरा गाडी महिन्याला 6,000 किलोमीटर चालते आणि लिटरला साडेतीन देते. रस्त्याला साजेसा रेशो असल्याने पाच टक्के जरी फरक पडला, तरी महिन्याला 80 लिटरच्या आसपास वाचतात. लिटरला 90 रुपये धरले तर सात हजारांच्या वर. पाच गाड्या असल्या तर तेवढ्यात एका ड्रायव्हरचा पगार निघतो.

मिस्त्री: पाच टक्के फरक पडला, हे कशावरून कळणार?

शेठ: मीटरवरून. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे.

मिस्त्री: इथेच पुष्कळांची फसगत होते. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरचं माप गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून घेतलं जातं, चाकावरून नाही. समजा कुणी 6.83 चा क्राऊन काढून 5.86 चा टाकला आणि मीटर जुळवून घेतला नाही. गाडी खरी 100 किलोमीटर गेली तरी मीटर 86 दाखवेल. मालक म्हणेल, अ‍ॅव्हरेज पडलं, मिस्त्रीने फसवलं. उलटं केलं तर 100 चे 117 दिसतील आणि मालक खूश होईल, डिझेल जास्त जळत असलं तरी. टायर बदलले तरी असंच होतं. नऊशे-वीसच्या जागी हजार-वीस टाकले की चाक फेऱ्याला साधारण तीन टक्के पुढे जातं. म्हणून मीटरवर विसंबू नका. महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांवरून मीटर पडताळून घ्या आणि मगच अ‍ॅव्हरेज काढा. वेग मर्यादित ठेवणारं उपकरणही याच मापावर चालतं. ट्रकला 80 ची मर्यादा आहे, माप चुकलं की तीही चुकली.

शेठ: आणि जुनी गाडी घेताना हाऊसिंगमध्ये कुठली जोडी आहे, हे कळायचं कसं? प्लेट तर गंजलेली असते किंवा गायब असते.

मिस्त्री: हाऊसिंग न खोलताही कळतं. दाखवतो. ही सहा टायरची गाडी सपाट जागी आहे. बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. मागचं एकच बाजूचं चाक जॅकवर उचललं आणि खाली घोडी दिली, नुसत्या जॅकवर कधी हात घालायचा नाही. गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक सोडला. चाकावर खडूने एक रेघ, प्रॉपेलर शाफ्टवर एक रेघ. आता चाक हाताने हळूहळू फिरवा. चाकाचे पूर्ण दोन फेरे द्यायचे, एक नाही. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं आहे, त्यामुळे डिफरेन्शियलमधून उचललेलं चाक क्राऊनच्या दुप्पट फिरतं. चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. मोजा शाफ्टची रेघ. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहाव्या फेऱ्याला रेघ पूर्ण वर यायच्या थोडी आधीच थांबली. म्हणजे सहाला थोडा कमी. ही 7 आणि 41 ची जोडी, 5.86. रेघ सहा फेरे करून थोडी पुढे गेली असती तर 6 आणि 37, म्हणजे 6.17. सातव्या फेऱ्याच्या पाऊण भागाहून पुढे गेली असती तर 6.83.

शेठ: एवढं सोपं आहे आणि गाडी घेताना कुणी करत नाही.

मिस्त्री: रंग बघतात, केबिन बघतात, टायरची नक्षी बघतात. आणि हेही सांगून ठेवतो: क्राऊन बदलायचाच झाला तर पिनियनसकट जोडीच बदलायची. दोघांचे दात कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात. एकाचं पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावलं की आवाज सुरू होतो आणि काही महिन्यांत दात जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरबदलही करता येत नाहीत. म्हणून आकडा ठरवायची खरी वेळ गाडी विकत घेताना. नंतरची दुरुस्ती महागच पडते.

शेठ: मग नवीन गाडीला काय घेऊ? तुम्ही सांगा.

मिस्त्री: मी सांगणार नाही, तुमच्या गाड्यांच्या फेऱ्या सांगतील. गेल्या वर्षीच्या बिल्टी काढा. किती किलोमीटर सपाटीचे, किती घाटाचे, किती भरलेले, किती रिकामे. गणपतीच्या दिवसांत मूर्ती घेऊन जाणारी गाडी वेगळी, तिला वजनाची फिकीर नाही. दगडखाणीवरचा डंपर वेगळा. त्याला हब रिडक्शनचा अ‍ॅक्सल लागतो, चाकाच्या हबमध्येच आणखी गिअर असतात. तो अ‍ॅक्सल चिखलातून गाडी काढतो, पण हायवेला डिझेल खातो. धाटावचा टँकर पुण्याला भरून जातो आणि रिकामा येतो, त्याचा हिशेब अजून वेगळा.

शेठ: आणि रस्ताही बदलतोय. पनवेल ते इंदापूरच्या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 पासून रखडत चाललं. त्या काळात गाडी खड्ड्यांतून वीस-तीसच्या वेगाने जायची, टॉप गिअर लागतच नव्हता. तेव्हा लहान क्राऊन घेऊन काहीच वाचलं नसतं. आता जिथे रस्ता मोकळा झाला तिथे तोच लहान क्राऊन पैसे वाचवतो. पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाला बोगद्याची वाट झाली. गोव्याच्या बाजूचं गणित आता जुनं राहिलं नाही.

मिस्त्री: गोव्याचं काम जास्त असेल तर आमच्या कोलाडला या. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 पासून इथून ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून गोव्यात वेर्ण्याला न्यायला सुरुवात केली. त्या मार्गाचा चढ 150 मीटरला एक मीटर यापलीकडे जाऊ दिलेला नाही. आपण घाटाचा 100 ला 6 धरला, तो त्याच्या नऊ पट. ट्रकचं इंजिन बंद, ड्रायव्हर विश्रांती घेतोय, क्राऊनचा आकडा कुठलाही असो. चढ कमी केला की किती वाचतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शेठ: म्हणजे तुमच्याही मते डिझेल चढ खातो, क्राऊन नाही.

मिस्त्री: चढ, वजन आणि चुकीच्या फेऱ्यांवर घालवलेले तास. क्राऊन त्यातल्या तिसऱ्या गोष्टीवर काम करतो. बिल्टीत सपाटीचे किलोमीटर खरोखर जास्त निघाले तर लहान आकडा घ्या, माझी हरकत नाही. पण एक अट. गिअरबॉक्स नऊ गिअरचा घ्या, सहाचा नको.

शेठ: घेईन. आणि घाटाचं भाडं निघालं तर ही गाडी न पाठवता जुनी 6.17 ची पाठवीन. पण तुमच्या एका गोष्टीशी मी अजून सहमत नाही. उताराच्या भीतीने सगळ्या गाड्यांना मोठा क्राऊन लावणं मला पटत नाही. त्यासाठी ड्रायव्हरला शिकवावं, चांगला एक्झॉस्ट ब्रेक असलेली गाडी घ्यावी.

मिस्त्री: शिकवा. पण शिकवल्याचा परिणाम दिसेपर्यंत माझं मत तेच. मला प्रत्येक उतार शिकवलेल्या ड्रायव्हरचा नाही दिसत. कधी तो रात्रभर चालवून आलेला असतो, कधी मालकाचा फोन येऊन गेलेला असतो. त्या माणसाला मदत करणारी गाडी मला हवी.

शेठ: मग असं करू. रेशो ठरवायच्या आधी ज्याच्या हाती गाडी देणार आहे त्या ड्रायव्हरला विचारू. कर्नाळ्याला कुठल्या गिअरमध्ये जातोस, सुकेळीला कुठल्या, भिसे खिंडीत भरलेली गाडी कशी उचलतोस, टॉप गिअर दिवसातून किती वेळ लागतो.

मिस्त्री: हे आधीच विचारलं असतंत तर आपला अर्धा वाद झाला नसता.

या दोघांत अजून मतभेद आहेत आणि ते राहणंच योग्य. शेठचं म्हणणं पटतं, कारण डिझेल हा भाड्यातला सगळ्यात मोठा खर्च आहे आणि बीएस-सहाच्या इंजिनाला जुना मोठा आकडा लावून फिरवणं ही रोजची नासाडी आहे. मिस्त्रींचं म्हणणंही पटतं, कारण सह्याद्रीचा चढ आणि उतार सरासरीत बसत नाही. वर्षातले पाच टक्केच किलोमीटर घाटाचे असले, तरी क्लच आणि ब्रेक तिथेच जातात, आणि माणसंही तिथेच जातात.

पण दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट स्वच्छ निघते. क्राऊन ताकद निर्माण करत नाही आणि डिझेलही निर्माण करत नाही. इंजिनाची ताकद ज्या कामात लागायची आहे त्या कामाला ती नीट पोहोचते की नाही, एवढंच तो ठरवतो. म्हणून सगळ्यांसाठी एकच चांगला रेशो असू शकत नाही. डोलवी ते न्हावा शेवा या रस्त्याला चांगला ठरलेला आकडा धाटाव ते चाकण या रस्त्याला वाईट ठरू शकतो, आणि हे दोन्ही रस्ते एकाच नाक्यावरून सुटतात. शेजाऱ्याने घेतला म्हणून, शोरूममध्ये तयार होता म्हणून, जुन्या गाडीला होता म्हणून आकडा घेणं या भागात तरी कुणाला परवडणारं नाही.

पेण-रोह्यात पुष्कळ जणांनी कर्ज काढून एकेक गाडी घेतली आहे. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. गाडी बुक करण्याआधी वर्षभराच्या फेऱ्या कागदावर मांडा, किलोमीटरच्या दगडांवरून पडताळलेलं अ‍ॅव्हरेज काढा, विक्रेत्याकडून मागच्या अ‍ॅक्सलचा आणि पहिल्या गिअरचा आकडा लेखी घ्या, आणि स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला त्या बैठकीत बोलवा. त्या गाडीच्या प्रत्येक चढाची आणि उताराची माहिती त्याच्याकडे असते, आणि या निर्णयात त्याला सगळ्यात कमी विचारलं जातं. ही पद्धत बदलली तर मालकाचं डिझेल वाचेल, आणि बोरघाट उतरताना ड्रायव्हरला योग्य गिअर हाताशी मिळेल.